नक्कलनविसाचं बिऱ्हाड

अंकुशरावांनी नेहमीसारखा दाराला खांदा दिला आणि तोल जाऊन ते थेट ओसरीच्या खांबावर आदळले. दार अडलंच नव्हतं. वर्षभर हे दार खाली उंबऱ्याला घासायचं, खांदा दिल्याशिवाय आत येऊ द्यायचं नाही. आज ते बोटानं ढकलावं तसं उघडलं आणि भिंतीला टेकून गपचूप उभं राहिलं.

"अगबाई, लागलं का हो काका?" बिऱ्हाडकरू नलिनीबाई चुलीपुढून उठून आल्या. "सांगायचंच राहिलं बघा. परवा यांनी दार उतरवून खालून रंधा मारला."

अंकुशरावांनी खांबाला धरूनच पटका सरळ केला.

"कुणाला इचारून?"

नलिनीबाईंनी दाराकडं बघितलं. दार घासत होतं, आता घासत नाही. यात विचारायचं काय, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, आणि तेच अंकुशरावांना सोसेना.

हे घर त्यांनी स्वतः बांधून घेतलेलं होतं. विलायतेकडं लढाई लागली आणि तुरीला कधी नव्हे तो भाव आला. चार जणांनी सोनं घेतलं, दोघांनी बैल घेतले. अंकुशरावांनी मात्र गावापासून दोन कोसांवर, चिटगुप्प्यात, मोकळी जागा घेतली. शेत काय, पावसाच्या मर्जीवर. भाडं महिन्याच्या महिन्याला येतं. चार महिने ते छत्री उघडून बांधकामावर बसून राहिले. काशप्पा गवंड्यानं तांबडा दगड एकावर एक चढवला, वर मातीचं सपाट माळवद घातलं, आणि घर उभं राहिलं तेव्हा अंकुशरावांनी बायकोला, शकुबाईंना, गाडीत घालून आणून चारी बाजूंनी फिरवून दाखवलं.

भाड्याच्या धंद्यातलं त्यांना काही कळत नव्हतं. ते कळण्यासाठी ते बाजारपेठेत तेलाचे व्यापारी चनमल्लप्पा यांच्याकडं गेले. त्यांची चिटगुप्प्यात सात घरं भाड्यानं होती.

"नोड्री अंकुशराव," चनमल्लप्पा म्हणाले. महत्त्वाचं काही सांगायचं असलं की ते 'बघा' असं न म्हणता कानडीत 'नोड्री' म्हणत. "बिऱ्हाडकरू घ्यायचा तर कचेरीतला घ्या. साहेबाच्या धाकात राहतो, घरमालकाशी भांडायला त्याच्यात जीव उरत न्हाई. आणि नवऱ्याकडं बघू नका, बायकोकडं बघा. आल्या आल्या आड कुठं म्हणून इचारती, ती टिकती. आरसा कुठं लावू म्हणती, ती न्हाई टिकत."

"आनि?"

"आणि खिळा. भिंतीत खिळा ठोकू द्यायचा न्हाई. आज खिळा, उद्या खुंटी, परवा मालकी."

अंकुशरावांनी हे सगळं मनात पक्कं केलं, आणि अगदी तसाच बिऱ्हाडकरू शोधून काढला. अच्युतराव कचेरीत नक्कलनवीस होते. किडकिडीत माणूस, जाड चष्मा, उजव्या हाताच्या दोन बोटांना कायमची शाई. लोकांच्या घराजमिनीच्या दस्तऐवजांच्या नकला दिवसभर उर्दूत उतरवून काढायच्या, पूर्वेला अमक्याची भिंत, पश्चिमेला तमक्याचा गोठा, हेच त्यांचं काम. बायको नलिनीबाई, दोन मुली. नलिनीबाईंनी गाडीतून उतरल्या उतरल्या आड कुठं म्हणून विचारलं. अंकुशराव खूश झाले.

अच्युतरावांनी मात्र सामान उतरवायच्या आधी मान वर करून विचारलं,

"माळवदाला उतार कुणीकडं काढलाय?"

"उतार? माळवदाला कसला उतार?"

"तेच म्हणतो मी," अच्युतराव म्हणाले.

तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. पुढच्या महिन्यात अंकुशराव आले तर माळवदावरची निम्मी माती खरडून अच्युतरावांनी तिला आडाच्या बाजूला उतार दिलेला. त्याच्या पुढच्या खेपेला न्हाणीतला दगड उखडून पुन्हा बसवलेला. मग चुलीवरच्या छतात उजेड-धुराचं भोक पाडलेलं, त्यावर पाऊस येऊ नये म्हणून फुटक्या रांजणाचा अर्धा भाग पालथा घातलेला. भाडं दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, न मागता. तक्रार एक नाही. नुसती दुरुस्ती.

काय म्हणून भांडावं? वाईट केलं म्हणून भांडता येतं. चांगलं केलं म्हणून भांडायचं कसं, हे अंकुशरावांना कुणी शिकवलेलं नव्हतं. ते यायचे, ओसरीवर उभे राहून नवं काय झालंय ते बघायचे, आणि त्यांच्या कपाळावरची शीर उडायला लागायची. प्रत्येक दुरुस्ती म्हणजे त्यांच्या तोंडावर काढलेली एक खोड. एकदा ते तडक काशप्पा गवंड्याकडं गेले.

"अरे, तू बांधलेल्या घरात तो कारकुंडा खोडी काढायलाय आनि तू गप?"

काशप्पानं तंबाखू मळता मळता सांगितलं, "गप कामून? मीच जातो की त्यांच्या हाताखाली, सुट्टीच्या दिवशी. त्यांचं बरोबर हाय, अप्पा. उतार काढायला पायजे व्हता."

अंकुशराव महिनाभर काशप्पाशी बोलले नाहीत.

आणि आज हे दार. खांदा चोळतच ते पेठेत गेले आणि चनमल्लप्पांच्या गादीवर धपकन बसले. सगळं ऐकून घेतल्यावर चनमल्लप्पांनी तेलाचं माप बाजूला ठेवलं.

"रंधा मारला. माळवद केलं. चुना आणला असंल की न्हाई? दगड आणला असंल?"

"आनलाच की."

"स्वतःच्या पैशानं?"

"मी कशाला देतो?"

"नोड्री अंकुशराव," चनमल्लप्पांचा आवाज खाली आला. "तुमी शेतकरी माणूस. हा दिवसभर दस्तऐवजच लिहितो. कागद कसा करायचा ते त्याला शिकवायला नको. उद्या कोर्टात उभा राहून चुन्याच्या पावत्या दाखवील आणि म्हणंल, घर मी उभं केलं, यांनी नुसती जागा दिली. तुमी काय दाखवणार? छत्री?"

अंकुशराव गादीवर पुढं सरकले.

"त्यात आणि एक," चनमल्लप्पा पुढं म्हणाले. "बिदरचे एक वकील इथं यायलेत. चांगलं घर शोधायलेत. मी तुमचं सांगितलं. भाडं दीडपट देतो म्हणतात. बाहेरनं बघून गेले, लई आवडलं. उतार कसा काढलाय बघा म्हणाले."

हे शेवटचं वाक्य अंकुशरावांना सुईसारखं टोचलं. पण दीडपट म्हणजे दीडपट. त्यांनी शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी ते सांगायला गेले तेव्हा अच्युतराव कचेरीत होते. नलिनीबाई एकट्याच ओसरीवर डाळ निवडत बसल्या होत्या. वाटेत अंकुशरावांनी भांडणाची सगळी तयारी केली होती. बाई रडेल, मग असं म्हणायचं. बाई नवऱ्याला बोलवू म्हणेल, मग तसं म्हणायचं. पोरींच्या शाळेचं काढलं तर काय म्हणायचं, तेही ठरवून ठेवलं होतं.

"बाई, घर लागायलंय मला," ते उभ्या उभ्याच म्हणाले. "माझा पुतन्या यायलाय शिकाया. तवा तुमी दुसरीकडं बघा."

नलिनीबाईंचा हात सुपात थांबला. त्यांनी वर बघितलं, मग समोरच्या दाराकडं बघितलं.

"कधीपर्यंत?"

"ह्याच महिन्यात."

"बरं," त्या म्हणाल्या आणि सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. "या घरात बरेच दिवस मिळाले म्हणायचे."

अंकुशराव थांबले. तयार करून आणलेलं एकही वाक्य कामाला येत नव्हतं.

"बरेच म्हंजे? वर्षच झालंय."

"वर्ष म्हणजे बरेच की, काका. लग्नाला अठरा वर्षं झाली, हे अकरावं घर. थोरली झाली ते हुमनाबादला, कोष्ट्यांच्या आळीतलं घर. तिथली भिंत यांनी नवी घातली होती. धाकटी झाली ते इथंच, वेशीपाशी. तिथं तर यांनी कोरडा पडलेला आड उपसला. पाणी लागलं तेव्हा गल्लीतल्या बायकांनी यांना ओवाळलं." त्या हसल्या. "घर नीट झालं की मालकाला घर लागतं. कुणाची लेक बाळंतपणाला येते, कुणाचा भाचा येतो. चालायचंच. घर त्यांचं असतं."

त्यांच्या बोलण्यात कुठं टोमणा नव्हता. अंकुशरावांनी तो शोधून बघितला. नुसता सापडला असता तरी त्यांचं काम झालं असतं. त्यावर ओरडता आलं असतं. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, झटकलं, पुन्हा टाकलं.

"मंग कामून करतेत ते? दुसऱ्याच्या घरात? गप बसाया काय होतंय?"

"मीही विचारायचे पहिल्या पहिल्यांदा," नलिनीबाई म्हणाल्या. "आता नाही विचारत."

त्या उठल्या, आत गेल्या, आणि फळीवरचे पितळी डबे एकेक करून खाली उतरवल्याचा आवाज यायला लागला. आजच, याच घटकेला. अंकुशराव ओसरीवर एकटे उभे राहिले आणि मग कुणी हाकलल्यासारखे बाहेर पडले.

घरी पोचले तेव्हा शकुबाई म्हशीची धार काढत होत्या. अंकुशराव गोठ्याच्या दारात येऊन थांबले. आत येईनात आणि जाईनातही.

"काय म्हनाली बाई?" शकुबाईंनी मान न वळवता विचारलं.

"काय म्हनली? कायबी न्हाई म्हनली! बरं म्हनली आनि भांडी आवराया लागली. अशी असती का बाई? जरा रडावं, बोलावं, आमी काय गुन्हा केला म्हनून इचारावं. घर सोडायला सांगायलाय मानूस, त्याला चार शब्द बोलायची रीत हाय का न्हाई?"

"तुमी काय कारन सांगितलंत?"

"पुतन्या शिकाया येनार म्हनून सांगितलं."

धारेचा आवाज थांबला. शकुबाई पहिल्यांदाच वळल्या.

"कोन्चा पुतन्या? तुमाला भाऊ तरी हाय का?"

अंकुशराव दाराच्या कडीशी चाळा करायला लागले.

"खरं कामून न्हाई सांगितलं? जास्तीचं भाडं येतंय म्हनून सांगायचं. त्यात लाजायसारखं काय हाय?" शकुबाई पुन्हा धार काढायला लागल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "का हाय?"

त्या दिवशी अंकुशराव निम्म्या भाकरीवरून उठले. आमटीत मीठ जास्त झालंय म्हणाले. झालेलं नव्हतं.

शुक्रवारी जुम्म्याची कचेरीला सुट्टी. अंकुशराव सकाळीच चिटगुप्प्याला निघाले. का निघाले, हे शकुबाईंनी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. मनात एवढंच होतं की नवऱ्याला गाठायचं. बाई भांडली नाही तर नाही, नवरा तरी भांडेल. पुरुषासारखा पुरुष आहे, किती दिवस गप बसेल? एकदा तोंडातोंडी झाली, दोन शिव्या झाल्या, की सगळं रीतसर होईल.

अच्युतराव घराच्या मागच्या बाजूला, न्हाणीच्या पाण्याचा पाट होता तिथं बसलेले होते. धोतर वर खोचलेलं, चष्म्यावर चुन्याचे शिंतोडे. पाटाच्या कडेला ते एकाला एक लागून दगड बसवत होते. निम्मा पाट बांधून झाला होता, निम्मा उघडा होता.

अंकुशराव जागच्या जागी थबकले.

"आता हे काय करायलात?"

"या," अच्युतराव म्हणाले. "पाट उघडा आहे ना, पाणी भिंतीत मुरतं. हा एवढा झाला की झालं."

"अवो पन तुमी जायलात!"

"हो. सोमवारी गाडी सांगितली आहे."

"मंग कामून करायलात?"

अच्युतरावांनी हातातला दगड फिरवून बघितला. चपटी बाजू कुठली, ते ठरवलं.

"निम्मं राहिलंय," ते म्हणाले.

अंकुशरावांना वाटलं, आपलं डोकं आता फुटणार. त्यांनी उपरणं खाली आपटलं.

"निम्मं राहू द्या! सगळं राहू द्या! कुटं जायलात ऱ्हायला?"

"गुंडप्पाच्या वखारीमागं एक खोली आहे."

"तिथं शेरडं बांधत्यात!"

"बांधायचे. आता नाही. बघून आलो मी." अच्युतरावांचा चेहरा जरा उजळला. "छत बरं आहे. एक भिंत उतरवून घ्यावी लागेल. खिडकी मात्र नाहीच. ती पाडायची तर पूर्वेला पाडता येईल, गुंडप्पा हो म्हणाला तर."

"तुमाला राग येत न्हाई का?" अंकुशराव ओरडले. पलीकडच्या परसातली बाई हातातला पोहरा तसाच धरून बघायला लागली. "तुमच्या हातचं घर मी काढून घ्यायलोय. राग येत न्हाई का मानसाला?"

अच्युतरावांनी खरोखरच विचार केल्यासारखं केलं. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला. त्यानं चुना आणखीच पसरला.

"कशाचा राग?" ते म्हणाले. "घर तुमचं आहे."

अंकुशरावांनी आपटलेलं उपरणं उचललं. तेवढ्यात पुढच्या बाजूला टांगा थांबल्याचा आवाज झाला आणि कुणीतरी "मालक हायत का?" म्हणून हाक मारली. अंकुशराव घराला वळसा घालून पुढं गेले.

टांग्यातून एक मुनशी उतरत होता. काळी शेरवानी, हातात रुमालात बांधलेली पुरचुंडी. वकीलसाहेबांनी इसार पाठवलाय, तो घ्या आणि चिठ्ठीवर सही करा, असं त्यानं सांगितलं. सोमवारी सामान यायचंय, तोवर एकदा आतून घर बघून ठेवतो, असंही म्हणाला, आणि दाराकडं निघाला.

अंकुशराव दाराच्या आणि त्याच्यामध्ये उभे होते. ते बाजूला सरले नाहीत.

"घर रिकामं न्हाई," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हंजे लोक ऱ्हायलेत घरात."

"अहो, ते निघालेत म्हणून तुम्हीच तर सांगितलंत. चनमल्लप्पांच्या समोर शब्द दिलात."

"दिला व्हता."

"मग?"

"मंग काय? मंग न्हाई!" अंकुशराव त्याच्यावरही खेकसले. "एकदा सांगितलेलं कळत न्हाई का? घर रिकामं न्हाई. जा, तुमच्या सायबाला सांगा. आनि त्या चनमल्लप्पालाबी सांगा. त्याची सात घरं हायत, त्यातलं एक द्या म्हनावं."

मुनशीनं त्यांना एकदा खालून वर बघितलं. मग तो टांग्यात चढला. घोडा वळला. अंकुशरावांनी कपाळावरचा घाम पुसला. दीडपट भाडं वळणावरून दिसेनासं झालं आणि त्यांना स्वतःचाच एवढा संताप आला की वाटेतल्या दगडाला त्यांनी लाथ मारली. दगड हलला नाही. अंगठा मात्र ठणकला.

लंगडतच ते मागं आले. अच्युतराव अजून त्याच दगडावर होते.

"कोण होतं?"

"वकिलाचा मानूस."

"वकिलाचा? घरासाठी?" अच्युतरावांनी वर बघितलं. "आणि पुतण्या?"

"त्यो न्हाई येत आता." अंकुशराव पाटाकडं बघत म्हणाले. "शिकत न्हाई म्हनाला."

"मग वकील राहणार का इथं?"

तुम्हीच राहा, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. ते अंकुशरावांच्या जिभेवर येऊन बसले आणि तिथंच अडकले. आयुष्यात असं कुणाला काही म्हणायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी पटका काढला, डोकं खाजवलं, पुन्हा घातला.

"न्हाई ऱ्हानार," ते म्हणाले. "त्येंला घर पसंत पडलं न्हाई."

अच्युतरावांच्या हातातली थापी खाली पडली.

"पसंत पडलं नाही?"

"न्हाई."

"का?" अच्युतराव उठून उभे राहिले. उघड्या पाटातल्या पाण्यात एक पाय गेला, त्यांना कळलंही नाही. "काय खोट काढली?"

"तसं कायबी सांगितलं न्हाई."

"नाही कसं? सांगितल्याशिवाय पसंत नाही कसं म्हणतो माणूस? माळवद बघितलं का त्यांनी वर चढून? चुलीपाशी उजेड किती येतो ते बघितलं का? आत तरी आला का तो?" त्यांचा आवाज चढत चालला होता. आवाज ऐकून नलिनीबाई मागच्या दारात आल्या आणि तिथंच खिळून राहिल्या. आपल्या नवऱ्याला एवढा आवाज आहे हे जणू त्यांनाही आजच कळत होतं. "बिदरहून यायचं, बाहेरच्या बाहेर बघायचं, आणि नावं ठेवून जायचं! बोलवा त्याला परत. मी दाखवतो फिरून. चिटगुप्प्यात असं दुसरं घर दाखव म्हणावं मला. आपल्या घराला नावं ठेवायची म्हणजे काय!"

चष्म्याआड त्यांचे डोळे लाल झाले होते. अंकुशरावांनी नलिनीबाईंकडं बघितलं नाही. ते वाकले, चुन्यात पडलेली थापी उचलली, उपरण्याला पुसली आणि अच्युतरावांच्या हातात दिली.

"जाऊ द्या हो," ते म्हणाले. "लोकांना काय कळतंय घरातलं."